बाजरीचा डोंगर

जैनांचं पर्युषण ज्या संवत्सरीनं संपतं, तिच्या दुसऱ्या दिवशी अमरचंदांच्या घरात माणसं कमी आणि जोडलेले हात जास्त दिसतात. जो येतो तो दारातच हात जोडतो, दार उघडणाराही हात जोडूनच उभा असतो, आणि ‘मिच्छामि दुक्कडम, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा’ एवढं होईस्तोवर कुणाच्या चपला कुणाच्या खाली जातात याचा पत्ता लागत नाही. एकता परभणीहून सकाळच्या गाडीनं माहेरी आली, तीही अशीच दारापासून माफी मागत आत शिरली. वडिलांची मागितली, आईची मागितली, दादाची मागितली. स्वयंपाकाच्या सोनूबाईंचीही मागितली. चौतीस वर्षं ती ही माफी अशी घाऊक मागत आली होती. किरकोळीत मागायची हिंमत एकदाही झाली नव्हती.

कारण किरकोळीत मागायची म्हटलं की काय चुकलं ते सांगावं लागतं.

“भुवा, तू आली, बरं झालं,” श्रेणिकदादाची मुलगी पलक आतल्या खोलीतून धावत आली. आत्याला त्यांच्या घरात भुवा म्हणायची पद्धत. पलक बाविशीची, संभाजीनगरला चित्रकला शिकणारी, बोटांना कायम कुठला ना कुठला रंग. “आज पारणं झालं की वाचन हाय. पाचही वह्या सापडल्या मला. माळ्यावर, अख्ख्या.”

“कुठल्या वह्या?” एकतानं विचारलं. खरं म्हणजे तिला त्या वह्यांचा वासही माहीत होता.

“गुर्माळच्या लढाईच्या. ऑर्क आणि गॉब्लिन. तुम्ही लहानपणी लिहिलेल्या. अगं, मी रात्रभर हसून राह्यले ते वाचून. मला चित्रं काढायची हायेत त्याची. सगळा इतिहास.” मग तिनं आवाज खाली आणला. “आणि अर्पितकाकांनाही बोलावलंय.”

एकताच्या हातातली पिशवी खाली गेली.

“बाबूजींना माहीत हाय?”

“न्हाई. पण बाईला माहीत हाय.”

राजकुमारीबाई, एकताची आई आणि साऱ्या घराची ‘बाई’, बैठकीत सोफ्याच्या कडेला जपमाळ घेऊन बसल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. लेकीनं त्यांच्याकडं पाहिलं तशा त्या जपमाळेवरून नजर न काढता म्हणाल्या, “आजच्या दिवशी दारातून कुणाला परत लावता येत न्हाई. तुझे बाबूजी रागावले तरी बसून रागावतील.”

म्हणजे नात आणि आजी यांचं आधीच संगनमत झालं होतं. श्रेणिकचा पक्ष विचाराल तर तो नेहमीप्रमाणे कुंपणावर. तो खिडकीपाशी उभा राहून मोबाईलमध्ये बघायचं सोंग करत होता. सत्तेचाळीस वर्षांचा, डोक्यावर टक्कल, बियाण्यांचा सगळा व्यापार एकहाती सांभाळणारा हा माणूस एके काळी ऑर्कांचा राजा होता, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

आता ज्या तीन मजल्यांच्या इमारतीत ते सगळे बसले होते तिच्या तळाशी त्या काळी गोदाम होतं. आज तिथं टाइल्सचं शोरूम आहे, काचेचं दार आहे, आणि आत शिरलं की थंडगार वारा लागतो. तेव्हा आत शिरलं की सरकीच्या धुळीनं शिंका यायच्या. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. कचरू हमाल त्या अशा रचायचा की मधून वाटा निघायच्या, खिंडी व्हायच्या, एखाद्या ठिकाणी भुयारच. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यात एकदा मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आलं. सुळेवाले अजस्र ऑर्क, लांब कानांचे हिरवे गॉब्लिन. मराठी शाळेतल्या तिघांना त्यातलं एक वाक्य धड वाचता येईना. तेच बरं झालं. वाचता आलं असतं तर गुर्माळ देश कधी जन्मालाच आला नसता.

श्रेणिक ऑर्कांचा राजा झाला, ढोमराज. सरकीची थप्पी हा त्याचा गड. अर्पित, त्यांच्या आत्याचा, उमराव भुवांचा मुलगा, दर सुट्टीला भोकरदनहून मामाकडं यायचा. तो गॉब्लिनांचा सरदार, टिचकू. मुगाची थप्पी त्याची. सैन्य म्हणून सरकीचे दाणे ऑर्क आणि हिरवे मूग गॉब्लिन. एकता सगळ्यात धाकटी, म्हणून तिला दोन कामं मिळाली. बखर लिहायची आणि सरकीगडाचं मागचं दार राखायचं. त्या दाराची घरातल्या खुंटीवरची किल्ली तशीही तिच्याच हाती असे, कारण रोज सकाळी कबुतरांसाठी ज्वारी तीच काढायची.

साडेदहाला बेल वाजली.

अर्पित दारात उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळ्यांचा घड. केस कानाशी पिकले होते, पण उभं राहायची पद्धत तीच, एका पायावर भार देऊन, पळायच्या तयारीत असल्यासारखी. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात तो बारा वर्षं होता. बारा वर्षं याच गावात. श्रेणिकची आणि त्याची पेट्रोल पंपावर गाठ पडायची, दोघं मान हलवायचे, आणि ज्याचं पेट्रोल आधी भरून होई तो आधी सुटायचा.

“मिच्छामि दुक्कडम, मामाजी,” तो वाकून म्हणाला.

अमरचंदांनी कानातलं यंत्र चाचपलं. ते एक्याऐंशीचे, आणि ऐकायचं नसलं की यंत्र हटकून बिघडायचं. त्यांनी भाच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले, पण छातीपर्यंतच आणले.

“बस,” ते म्हणाले.

एकतासमोर आल्यावर अर्पितनं हात जोडले, आणि तिचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. क्षणभरच. काहीतरी गार तिच्या तळव्यात आलं.

“परत करून राह्यलो,” तो हळूच म्हणाला. “पलक वह्या वाचणार म्हणली. तुझ्या मनात धाकधूक नको. आता कुणाजवळ काही पुरावा न्हाई.”

तिनं मूठ मिटली. बघायची गरज नव्हती. गोल डोक्याची, एक दात तुटलेली, गोदामाच्या मागच्या दाराची पितळी किल्ली. तिला वाटलं आपण आत्ताच्या आत्ता खाली बसावं. पण खुर्च्या कमी होत्या.

पारण्याचं मुगाचं पाणी आलं, पिठाची पातळ राब आली, अर्पितला दोनदा आग्रह झाला. दोन्ही वेळा राजकुमारीबाईंनीच केला. मग पलकनं टीपॉयवर वह्या मांडल्या. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर नऊ वर्षांच्या एकताचं अक्षर होतं, ‘गुर्माळ देशाची खरी बखर. हात धुऊन वाचावी.’

“‘दिवाळीची सुट्टी, दुसरा दिवस,’” पलक वाचू लागली. “‘ऑर्कांचे राजे ढोमराज यांनी सरकीगडावरून चाल केली. मोठी लढाई झाली. चारशे गॉब्लिन धावड्याला गेले.’ हे धावड्याला गेले म्हणजे काय, पप्पा? हरेक पानावर कुणी ना कुणी धावड्याला चाल्लंय.”

श्रेणिकनं मोबाईल खिशात टाकला. “मेले म्हणजे.”

“मंग मेले का न्हाई लिहिलं?”

“बाईनं लिहू दिलं न्हाई,” अर्पित म्हणाला. एवढा वेळ तो केळ्याची साल हातात धरून बसला होता, ती कुठं टाकावी हे कळत नसल्यासारखा. “मामीजी म्हणल्या, या घरात जीव मारायचा न्हाई, कागदावर पण न्हाई. मंग मेलेल्यांचं करायचं काय? त्या टायमाला गोदामातून रोज एक टेम्पो धावड्याला जायचा. म्हणलं, बसवा टेम्पोत.”

“मी अजून धावड्यावरून गेलो ना,” श्रेणिक म्हणाला, “तर स्टँडवर बघतो. एवढं सैन्य गेल्तं तिकडं. एखादा तरी दिसावा.”

पलक हसली, आणि हसू आवरत नाही म्हणून वही तिनं एकताकडं सरकवली. पण एकतानं वही उचलली नाही. मग श्रेणिकनंच वाचायला घेतली, आणि बघता बघता त्याचा आवाज बदलला. व्यापाऱ्याचा आवाज गेला आणि ढोमराजाचा आला.

“‘सूर्य मावळत आला म्हणून लढाई थांबवून दोन्ही सैन्यांनी जेवून घेतले. ऑर्कांना खिचडी होती. गॉब्लिनांना तीच. कांदा कोणीच खाल्ला नाही. जेवणानंतर अंधार असल्याने लढाई दुसऱ्या दिवशी पुढे चालू झाली.’”

“चौविहार करणारे ऑर्क,” पलक म्हणाली. “मी कॉलेजात सांगितलं तर कुणी मानणार न्हाई.”

“‘आज फार वाईट झाले,’” श्रेणिक पुढं वाचत होता. “‘कचरूने पूर्वेचा डोंगर उतरवला आणि टेम्पोत भरला. डोंगर नांदेडला गेला. डोंगरावर राहणारे दोनशे ऑर्क बेघर झाले. राजांनी त्यांची सोय दाराजवळ केली. रात्री थंडी होती. ऑर्क रडले नाहीत, पण गप्प बसले.’ हे तू लिहिलं, एकता?”

“मीच सगळं लिहायचे,” एकता म्हणाली.

“नऊ वर्षाची होती तू.”

जगात लढाया पुष्कळ झाल्या असतील, पण ज्यांच्या मुलखातला डोंगर दर आठवड्याला बाजारभावानं विकला जायचा असे लढवय्ये गुर्माळमध्येच. दोघं प्रौढ पुरुष आता वहीवर डोकी वाकवून बसले होते. खिंडीतला वेढा, काट्यावरची लढाई. पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर दोन्ही राजे एकदम चढले होते आणि वजन कुणाचं जास्त यावरून तीन दिवस तह अडला होता. अर्पित सांगायचा आणि श्रेणिक खोडून काढायचा. मधेच श्रेणिकनं त्याच्या मांडीवर थाप मारली, आणि ती आपण मारली हे लक्षात आल्यावर हात कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. एकता ते बघत होती. किती वर्षं या दोघांना तिनं असं बसलेलं पाहिलं नव्हतं. आणि न बसण्याला कारण कोण, तर मूठ मिटून बसलेली ती.

अमरचंद मात्र भिंतीकडं तोंड करून बसले होते. यंत्र चालू होतं की बंद, सांगता येत नव्हतं.

“आता लढाईचे नियम,” पलकनं चौथी वही उघडली. “‘एक. पर्युषणाच्या दिवसांत शस्त्रबंदी. दोन. संवत्सरी झाल्यावर लढाई पुन्हा सुरू. तीन. फितूर सापडला तरी त्याचे नाव घ्यायचे नाही. जो फितुराचे नाव सांगेल त्याची बाजू हरली.’ वा. आणि मंग पाचवी वही. ही अर्धीच हाय. शेवटची पानं फाडलेली. पप्पा, लढाईचा शेवट काय झाला?”

श्रेणिकनं अर्पितकडं पाहिलं.

“शेवट मी सांगतो,” भिंतीकडून आवाज आला. म्हणजे यंत्र चालू होतं. अमरचंद हळूहळू वळले. “संवत्सरीचा दिवस होता. तुझ्या आजीची अठाई. आठवा उपास. मी स्थानकात, महाराजांच्या व्याख्यानाला. ह्या माणसानं माझ्या घरातून, खुंटीवरची किल्ली चोरली. गोदाम उघडलं, थप्पीवर चढला, सरकीची थप्पी आडवी केली. आवाज ऐकून तुझी आजी पळाली, पायरीवर पडली, बेशुद्ध. डॉक्टरनं सुई टोचून ग्लुकोज चढवलं. सात दिवस काढलेली अठाई आठव्या दिवशी मोडली. परत तिनं कधी धरली न्हाई. हा शेवट.”

“बाबूजी, आज नको,” श्रेणिक म्हणाला.

“मंग वाचन कशाला करून राह्यले? वाचायचं तर पूर्ण वाचा.”

अर्पित उठला. “मामाजी बराबर बोलून राह्यले,” तो शांतपणे म्हणाला. “आमचा पंथ वेगळा, आमच्या घरी संवत्सरी चौथीची. तुमच्या घरी पंचमीची. आमची आदल्या दिवशी झाल्ती. मला वाटलं शस्त्रबंदी संपली. पोराची अक्कल. चुकलं माझं. येतो मी.”

तो दारापर्यंत गेला. एका पायावर भार देऊन चपला शोधू लागला, आणि चपला कुणाच्या तरी खाली गेल्या होत्या. तेवढाच वेळ मिळाला एकताला. लोक म्हणतात मोठ्या गोष्टी मोठ्या निर्धारानं होतात. एकताच्या बाबतीत त्या सापडत नसलेल्या चपलेमुळं झाल्या.

तिनं मूठ उघडली आणि किल्ली पाचव्या वहीवर ठेवली.

“पानं मी फाडली,” ती म्हणाली. “आणि दार मी उघडलं.”

पलक किल्लीकडं बघत राहिली.

“काय म्हणली ती?” अमरचंदांनी यंत्राला बोट लावत विचारलं.

आता पुन्हा सांगणं आलं, आणि मोठ्यानं. एकदा सांगायला चौतीस वर्षं लागली होती, आणि दुसऱ्यांदा लगेच सांगायचं होतं. एकता उठून वडिलांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

“बाबूजी, अर्पितनं किल्ली चोरली न्हाई. मी दिल्ती. मीच दार उघडून त्याला आत घेतलं. मला माहीत होतं आपल्या घरी संवत्सरी आज हाय. मी म्हणलं, गॉब्लिनांची झाली, ऑर्कांची चालू हाय, ऑर्क हात उचलणार न्हाईत, लढाई जिंकलीच. थप्पी पडली तशी मी घरात पळाले. बाई पडली ते मी बघितलं. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणले, तेव्हा मी दाराआड उभी होते.”

अमरचंदांच्या चेहऱ्यावर राग शोधला तर तो नव्हता. माणूस पायरी आहे समजून पाय टाकतो आणि पायरी नसते, तसे ते बसल्या जागी दचकले. नजर लेकीवरून किल्लीवर, किल्लीवरून दारात उभ्या असलेल्या अर्पितवर गेली.

“तू म्हणला होता, मी चोरली,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडानं.”

“हो.”

“का?”

अर्पित थोडा ओशाळला. “नियम होता ना मामाजी. तिसरा. आत्ता वाचला पलकनं. नाव घेतलं की हरलो.”

“अबे, पण चौतीस वर्षं?” श्रेणिक म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “नंतर तर सांगायचं. मोठे झालो, लग्नं झाली, पंपावर भेटायचो आपण.”

“लढाई संपली असं मला कुणी सांगितलंच न्हाई.”

तो हे हसत म्हणाला, पण कुणाला हसू आलं नाही. अमरचंदांनी कानातलं यंत्र काढलं, बघितलं, परत घातलं. त्या दिवसानंतर उमरावबाई या घरात आल्या नव्हत्या. मुलाचा हात धरून त्या दुपारच्या एसटीनं भोकरदनला गेल्या, आणि राखी मग पाकिटातून येऊ लागली. एकुलती एक बहीण. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या, तेव्हा अमरचंद तिसऱ्या दिवशी जाऊन दारातूनच परत आले होते.

“उमरावला खरं माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“एसटीत केदारखेडा येईस्तोवर आई काहीच बोलली न्हाई,” अर्पित म्हणाला. “मंग म्हणली, चोरली का रे तू? मी म्हणलो, न्हाई. ती म्हणली, मला माहीत हाय. बस. परत कधी विचारलं न्हाई. पण माझ्या पोराला चोर म्हणले त्या घरी मी पाणी पिणार न्हाई, एवढं म्हणली.”

एकतानं तोंडावर पदर धरला. तिला भीती होती ती या घराचं दार आपल्याला बंद होईल याची. म्हणून ती गप्प बसली, आणि उमराव भुवांचं माहेर तिच्या जागी बंद झालं. दर वर्षी रक्षाबंधनाला ते पाकीट यायचं आणि वडील ते उघडायला तिच्याच हातात द्यायचे. दर वर्षी तिनं ते उघडलं होतं.

“बाईची अठाई माझ्यामुळं मोडली,” ती म्हणाली. “बाई, ती मला काही केल्या परत देता येत न्हाई.”

“अठाईचं नाव मला विचारल्याबिगर कशाला काढून राह्यले सगळे?” राजकुमारीबाईंनी जपमाळ डबीत ठेवली. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. “आज माफीचा दिवस हाय, तर माझंही ऐका. पाचव्या दिवसापासून मला डोळ्यांसमोर भाकरी दिसून राह्यली होती. झोपेत भाकरी, जागेपणी भाकरी. सगळं गाव साता पुसायला, तब्येत विचारायला येऊन राह्यलेलं, मोठी तपस्वी म्हणून पाया पडून राह्यलेलं. सांगू कुणाला? पायरीवर पडले ते पळण्यानं न्हाई पडले, चक्कर तर सकाळपासूनच येऊन राह्यली होती. पोरांचा आवाज झाला न्हाई तरी मी पडलेच असते. अन् ते ग्लुकोज चढलं ना, तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. तुम्ही समजले दुःखानं.”

“मंग परत अठाई...” अमरचंद म्हणाले.

“परत धरली न्हाई, कारण मला झेपत न्हाई. तुम्ही गावभर सांगत फिरले की भाच्यामुळं बायकोची अठाई गेली. मी बोलले न्हाई. मला सोयीचं होतं. पोराच्या अंगावर गेलं, आणि माझी तपस्वी म्हणून इज्जत राह्यली.” त्या अर्पितकडं वळल्या. “मिच्छामि दुक्कडम, बेटा. हे खरं वालं.”

पलकनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला. अमरचंद खुर्चीचा हात धरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला, आणि श्रेणिक मदतीला पुढं झाला तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. दारापर्यंत गेले. या वेळी हात कपाळापर्यंत नेले.

“मी तुला चोर म्हणलो,” ते भाच्याला म्हणाले. “तुझ्या आईसमोर म्हणलो. तिची माफी मागायला आता कुठं जाऊ, ते मला माहीत न्हाई. तुझी मागतो.”

अर्पितनं त्यांचे हात खाली घेतले, धरून ठेवले. मग म्हणाला, “मामाजी, माझ्या चपला तुमच्या सोनूबाईंनी कुठं टाकल्या सापडून राह्यल्या न्हाईत. मला बसावंच लागेल.”

तो बसला. पुन्हा मुगाचं पाणी आलं. मग श्रेणिक, पाचवी वही मांडीवर घेऊन, बहिणीकडं न बघता म्हणाला, “एक सांग. तू माझी पहारेकरी. माझी सख्खी बहीण. ह्यानं तुला काय देतो म्हणून सांगितलं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न एकतानं स्वतःला शंभरदा विचारला होता आणि उत्तराची लाज वाटली होती.

“बाजरीची थप्पी.”

“बस? बाजरी?”

“तुला सरकीगड होता,” ती म्हणाली. “त्याला मुगाचा डोंगर. सैन्यं तुमची, नावं तुमची. मला दार होतं, दादा. कुणाला आत घ्यायचं अन् कुणाला न्हाई, ते पण तुम्हीच सांगायचे. अर्पित म्हणला, जिंकलो की बाजरीची थप्पी तुझी, तू तिथली राणी. त्या गोदामातलं काही माझं असं पहिल्यांदाच कुणी म्हणलं होतं.”

अमरचंदांनी लेकीकडं असं बघितलं की जणू ती आत्ताच परभणीहून आली आहे. राजकुमारीबाई मान खाली घालून डबीचं झाकण लावत होत्या, आणि ते काही केल्या बसत नव्हतं.

श्रेणिकनं शर्टाच्या खिशातून पेन काढलं. फाडलेल्या पानांच्या पुढच्या कोऱ्या पानावर तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, ढोमराजाच्या आवाजात.

“‘पारण्याचा दिवस. ऑर्क आणि गॉब्लिन यांच्यात तह झाला. लढाई संपली. कलम एक. यापुढे शस्त्रबंदी नऊ दिवसांची. चौथीची संवत्सरी आणि पंचमीची, दोन्ही दोघांनी पाळाव्या. कलम दोन. धावड्याला गेलेले सगळे सैनिक परत बोलवावे. कलम तीन.’” तो थांबला. “‘बाजरीचा डोंगर एकताचा. तिच्या परवानगीशिवाय तो कोणी विकू नये.’”

“बाजरी तर कवाच नांदेडला गेली,” अमरचंद म्हणाले.

“बखरीत हाय, बाबूजी. बखरीतली कुठं जात न्हाई.”

“मंग आण इकडं.” त्यांनी चष्मा लावला, तिन्ही कलमं बोट ठेवून वाचली, आणि खाली मोडीच्या वळणाची आपली सही ठोकली. “गोदाम माझं होतं. माझ्या सहीशिवाय कसला तह?”

अर्पितनं सही केली. श्रेणिकनं केली. एकतानं केली तेव्हा तिला अक्षर दिसत नव्हतं, पण बखरनवीस तीच होती, सवयीनं झाली.

पलकनं तोवर मोठा कागद जमिनीवर पसरला होता. गुर्माळचा नकाशा. सरकीगड होता, मुगाचा डोंगर होता, मधली खिंड, काट्याचा पूल, धावड्याचा रस्ता, रस्त्यावर एक टेम्पो. तिनं वायव्येला तपकिरी रंगानं एक नवा डोंगर काढला, सगळ्यांत उंच.

“भुवा, ह्याचं नाव काय ठेवायचं? गडाला नाव पाहिजे. बाजरीचा डोंगर बरं दिसत न्हाई नकाशात.”

एकतानं डोळे पुसले. वहीवरची किल्ली उचलून तिनं त्या डोंगराच्या पायथ्याशी ठेवली, जिथं दार असायला हवं होतं तिथं.

“उमरावगड,” ती म्हणाली.

अर्पितनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला, परत लावला. मग तो नकाशावर वाकला.

“मोठ्या अक्षरात लिही पोरी,” तो पलकला म्हणाला. “भोकरदनहून दिसलं पाहिजे.”